काळ्या सोंगट्या आणि अर्धा गुण

डिसेंबरचा पहिला रविवार. ठिकाण पालघर, एका शाळेचं सभागृह. प्रवेश फी तीनशे रुपये, ती मी आदल्या आठवड्यात भरली होती. हजर: मी, माझी चौदा वर्षांची मुलगी धरून पंधरा वर्षांखालच्या गटातल्या चौदा मुली, एक मुख्य पंच, त्याचे दोन मदतनीस आणि बाहेर झाडाखाली साधारण वीस पालक. बुद्धिबळाच्या जिल्हा निवड चाचणीचा तो दुसरा दिवस होता. शनिवारी तीन फेऱ्या झाल्या होत्या, रविवारी दोन व्हायच्या होत्या. चौदांपैकी दोन मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या.

माझी मुलगी या दोन जागांसाठी तिसऱ्यांदा खेळत होती. पहिल्या वर्षी ती नववी आली, दुसऱ्या वर्षी पाचवी. पुढच्या वर्षी तिची दहावी, म्हणजे खेळ बंद. हे घरात ठरलेलं होतं आणि ठरवणारा मीच होतो. तेव्हा जायचं तर याच वर्षी.

ती काळ्या सोंगट्यांनी जो बचाव खेळते, तो तिला मी शिकवला. दुसरं मला येत नव्हतं. ते कसं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी तेवीस वर्षांचा असताना सांगली जिल्ह्यातून इकडे आलो आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागलो. कँटीनमध्ये एक बुद्धिबळाचा पट होता. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं जेवणात जायची, उरलेल्या वीस मिनिटांत एक डाव. नियम दोन होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. पहिला, सीनियर असेल तो पांढऱ्या सोंगट्या घेणार. दुसरा, जो हरेल त्याने चहा पाजायचा. पण भोंगा वाजेपर्यंत डाव संपला नाही, तर बरोबरी, ज्याने त्याने आपापला चहा घ्यायचा.

मी सगळ्यांत ज्युनियर होतो, त्यामुळे काळ्या सोंगट्या कायम माझ्याकडे. पहिला महिनाभर मी रोज हरलो आणि रोज दोन चहांचे पैसे दिले. मग बॉयलरवरच्या एका उत्तर प्रदेशातल्या माणसाने, जो माझ्याशी खेळून कंटाळला होता, मला बाजूला घेतलं.

"देख, तू भागता बहुत है," तो म्हणाला. "राजा के आगे का प्यादा एक घर. बस एक. फिर वजीर के आगे का दो घर. फिर बैठ जा. हिलना मत. भोंगा बजने दे."

त्याला या बचावाचं नाव माहीत नव्हतं. फ्रेंच बचाव हे नाव मला पुढे वाचनालयातल्या पुस्तकातून कळलं. पांढऱ्याने मधलं प्यादं पुढे रेटलं की पट मध्येच बंद होतो. काळ्याला जागा कमी मिळते. त्याचा एक उंट आपल्याच प्याद्यांच्या मागे अडकून पडतो आणि पंधरा-सोळा चालींपर्यंत त्याला काही कामच नसतं. दिसायला ही स्थिती वाईट असते, पण फोडायला अवघड असते. समोरचा इकडून बघतो, तिकडून बघतो, घोडा नाचवतो, घड्याळ बघतो. तोपर्यंत आपण एक हत्ती एक घर सरकवायचा. पुढच्या चालीला परत आणायचा.

वीस मिनिटांत हा बचाव कोणाला फोडता येत नव्हता. मी एक वही केली होती. पहिल्या पूर्ण वर्षात मी दोनशे अकरा डाव खेळलो. हरलो एकोणीस, जिंकलो चार, बाकी एकशे अठ्ठ्याऐंशी बरोबरीत. कँटीनमध्ये मला लोक 'फेविकॉल' म्हणायला लागले.

"आला फेविकॉल. आता जेवण पण पचणार नाही," असं पॅकिंगचा सुपरवायझर म्हणायचा आणि तरी समोर बसायचाच.

मला ते आवडायचं. मी काही जिंकत नव्हतो, पण माझ्याकडून काही जातही नव्हतं. लग्न झालं, सालवडला आधी भाड्याची खोली आणि मग वन बीएचके झाला, मुलगी झाली. ती आठ वर्षांची असताना तिला मी पटावर बसवलं आणि पहिली गोष्ट हीच शिकवली. राजापुढचं प्यादं एक घर. वजिरापुढचं दोन. मग बस.

ती माझ्यापेक्षा बरी खेळायला लागली तेव्हा अकराची होती. तरी स्पर्धेच्या आधी ती माझ्याकडे यायची आणि आम्ही त्याच पहिल्या तेरा चाली बसवायचो. तेराच, कारण त्यापुढे मला काही सांगता येत नसे. त्यापुढे मी म्हणायचो, "आता सांभाळायचं."

रविवारी सकाळी चौथी फेरी ती जिंकली. शाळेच्या भिंतीवर यादी लागली. एका मुलीचे चारपैकी चार, तिची जागा पक्की. माझ्या मुलीचे तीन आणि वसईकडच्या एका मुलीचे तीन. बाकी सगळ्या दोन किंवा त्याखाली. शेवटच्या फेरीत या तीनवाल्या दोघी एकमेकींसमोर आल्या आणि माझ्या मुलीला काळ्या सोंगट्या आल्या. जी जिंकेल ती जाणार, हे सरळ होतं. बरोबरी झाली तर दोघींचे साडेतीन साडेतीन होणार आणि मग टायब्रेकवर ठरणार.

टायब्रेक म्हणजे, तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज. ज्या मुलींशी खेळलात त्या जितक्या सरस, तितकी तुमची बेरीज मोठी आणि तुमचा नंबर वर. मी झाडाखाली बसलो, खिशातली छोटी वही काढली. माझ्या मुलीच्या पाच प्रतिस्पर्धी, समोरच्या मुलीच्या पाच. शेवटच्या फेरीत कोण कोणाशी आहे ते यादीवरून घेतलं. संभाव्य निकाल धरले. माझ्या मुलीची बेरीज पंधरा येत होती, समोरच्या मुलीची चौदा. इतर पटांवरचे निकाल उलटे लागले तरी अर्धा गुण आम्ही पुढे राहत होतो. मी हे तीन तऱ्हांनी तपासलं.

शेजारी एक बाई पेरू कापत बसल्या होत्या. डब्यातली एक फोड त्यांनी माझ्यापुढे केली.

"घ्या भाऊ. मघापासून लिहिताय. काय निघतंय?"

त्या समोरच्या मुलीच्या आई आहेत हे तेव्हा कळलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "ड्रॉ झाला तर माझी जाते."

"अगं बाई. म्हणजे आमच्या हिला जिंकायलाच पाहिजे."

"हो."

"आणि तुमची काळ्यानं काय खेळते?"

"फ्रेंच बचाव."

"ते काय असतं?"

"बसून राहायचं असतं."

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग आमच्या घरी मिस्टर बावीस वर्षं तेच खेळतायत." आणि हसल्या. मीही हसलो.

दुपारी अडीचला घंटा व्हायच्या आधी मुलगी पाण्याची बाटली घ्यायला माझ्याकडे आली. मी तिला वही दाखवली.

"ड्रॉ पुरे. ड्रॉ झाला की तू जातेस."

"नक्की, बाबा?"

"नक्की. पाच मुली, पाच आकडे. तीनदा बघितलंय."

"आणि मला जिंकायला मिळत असेल तर?"

"मिळालं तर मिळालं. पण धोका नको. तू तुझं खेळ. ती ड्रॉ म्हणाली की घेऊन टाक."

तिने वहीतली बेरीज एकदा बोट फिरवून बघितली. माझ्या बेरजा ती तपासत नाही. घरात कोणीच तपासत नाही. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

पालकांना आत सोडत नाहीत. दाराशी शाळेचा शिपाई खुर्ची टाकून बसला होता. मी दोनदा तिकडून गेलो, तर तो म्हणाला, "सायेब, आत नाय जायचं तुमी. पोरी खेळतायत. आवाज झाला का पंच आमाला बोलतो."

"मी नुसता उभा आहे."

"उभे पण नाय. पोरीचा बाप दारात दिसला का पोरगी चुकते. मी लय बघलंय."

मी परत झाडाखाली गेलो. एक तास वीस मिनिटांनी मुलगी बाहेर आली. हातात स्कोअरशीटची, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेल्या कागदाची प्रत. चेहरा मोकळा.

"ड्रॉ. तिनेच मागितला," ती म्हणाली. "एकतिसाव्या चालीला."

"लगेच घेतलास?"

"लगेच. तुम्ही म्हणालात ना."

तिने मला टाळी दिली. ती टाळी मला आठवते, कारण त्यानंतर बराच काळ तिने मला हात लावला नाही.

पाऊण तासाने अंतिम यादी लागली. पहिली, ती सगळे डाव जिंकलेली मुलगी. दुसरी, वसईकडची. तिसरी, माझी. दुसरी आणि तिसरी यांच्यासमोर साडेतीन साडेतीन, आणि पुढच्या रकान्यात दोन आकडे: साडेतेरा आणि तेरा.

मी आकडे दोनदा वाचले. माझे पंधरा आणि चौदा कुठेच नव्हते. मला वाटलं, यांचं काहीतरी चुकलंय. मी मुलीला म्हटलं, "तू बस, मी आलो." तिथे हरकत नोंदवायची तर अर्ज आणि पाचशे रुपये द्यावे लागतात, हरकत मान्य झाली तर पैसे परत, नाही तर जप्त. मी पाचशे दिले. अर्जाच्या मागे पाचही मुलींचे गुण रकाने पाडून लिहिले. खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा, सही.

मुख्य पंच तिशीचा तरुण होता. त्याने माझा कागद नीट वाचला. घाई केली नाही.

"काका, बेरीज बरोबर आहे तुमची," तो म्हणाला.

"मग?"

त्याने स्पर्धेच्या माहितीपत्रकाची प्रत काढली आणि तळाच्या ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. टायब्रेकमध्ये सर्वांत कमी गुण असलेली एक प्रतिस्पर्धी वगळून उरलेल्यांची बेरीज धरायची, असं तिथे छापलेलं होतं.

"पहिल्या फेरीत एखादी कच्ची मुलगी वाट्याला आली, तर त्याची शिक्षा नको, म्हणून सगळ्यांत खालचा आकडा सोडून देतात," तो म्हणाला. "समोरच्या मुलीची सगळ्यांत खालची प्रतिस्पर्धी अर्ध्या गुणाची होती. ती सोडली की चौदातून अर्धा गेला, साडेतेरा. तुमच्या मुलीची सगळ्यांत खालची दोन गुणांची. पंधरातून दोन गेले, तेरा."

ते माहितीपत्रक माझ्या फोनवर आठवडाभर होतं. मी ते वाचलं होतं. ही ओळही डोळ्यांखालून गेली असणार. पण चोवीस-पंचवीस वर्षं मी ज्या कामात आहे, तिथे आकडा सोडता येत नाही. एका बॅचचे सहा नमुने तपासले, तर सहाच्या सहा रीडिंग लिहायची. एखादं वेडंवाकडं आलं, तर तेही लिहायचं, त्याची चौकशी करायची, चौकशीचा कागद जोडायचा. खालचं रीडिंग गाळून सरासरी काढणारा माणूस आमच्याकडे नोकरीवर राहत नाही. माझ्यासमोर दोघे गेलेत. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. खालचा आकडा मुद्दाम टाकून द्यायचा नियम असू शकतो, हे माझ्या डोक्यात शिरायला वाटच नव्हती.

"कळलं," मी म्हटलं.

"पैसे परत नाही मिळणार, काका. नियम आहे."

"बरोबर आहे."

बाहेर आलो तेव्हा त्या पेरूवाल्या बाई आपल्या मुलीला जवळ घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "भाऊ, तुम्हीच म्हणाला होता ना, ड्रॉ झाला तर तुमची जाते? मी तर आशाच सोडून दिली होती हो."

"माझी चूक झाली," मी म्हटलं. त्यांच्या मुलीचं अभिनंदन केलं. ती माझ्या मुलीकडे बघत नव्हती.

माझी मुलगी बाकावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. पंधरा वजा दोन, चौदा वजा अर्धा. तिने ऐकलं. शेवटी एकच वाक्य बोलली.

"बाबा, मी जिंकत होते."

स्कूटरवर आम्ही परत निघालो. कोळगावला सरकारी इमारतींपाशी सिग्नलला थांबलो, तेव्हा मी विचारलं काही खायचं का, तर ती नको म्हणाली. बेटेगावच्या फाट्यावर रस्ता खणलेला होता, तिथे तिने सवयीने माझा खांदा धरायला हात उचलला आणि मग मागचा कठडा धरला. आरशात दिसलं मला. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मी खड्डे चुकवत होतो.

घरी बायकोने दार उघडताना विचारलं, "काय झालं?" मुलगी सरळ आत गेली. मी चपला काढून जागेवर ठेवल्या आणि सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे ती हरली नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही तिला थांबवलंत."

"हो."

जेवण झाल्यावर मी पट मांडला आणि मुलीची स्कोअरशीट घेऊन डाव पुन्हा खेळून बघितला. पहिल्या तेरा चाली माझ्या होत्या. ओळखीच्या, एकही इकडेतिकडे नाही. चौदाव्या चालीला तिने राजाच्या उंटापुढचं प्यादं एक घर पुढे ढकललं होतं. पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यावर थेट मारा. ही चाल मी आयुष्यात कधी खेळलो नव्हतो. त्याने राजासमोरची भिंत उघडी पडते, म्हणून मला ती चाल म्हणजे धोका वाटायची. तिने ती खेळली, प्यादी मारली गेली, मधला पट मोकळा झाला. मग तो अडकलेला उंट, जो माझ्याकडे पंचवीस वर्षं नुसता पडून असायचा, तीन चालींत बाहेर आला आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्याच्या घोड्यावर जाऊन बसला. सव्विसाव्या चालीला तिने एक प्यादं जिंकलं. तिसाव्या चालीला तिचे दोन्ही हत्ती मोकळ्या रांगेत होते. एकतिसाव्या चालीला पांढऱ्याने चाल केली आणि ड्रॉ मागितला. काळ्याचा डाव इतका चांगला मी माझ्या पटावर कधी बघितला नव्हता.

शेवटची स्थिती मांडलेली ठेवून मी बराच वेळ बसलो. समोरचीने ड्रॉ का मागितला, ते कोणालाही कळलं असतं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहायला फार काही नाही. मी ड्यूटीवर जात होतो. रीडिंग घेत होतो, सगळी लिहीत होतो. एकही चूक झाली नाही. डबा पूर्ण खात होतो. झोपही लागत होती. कँटीनमध्ये पॅकिंगच्या सुपरवायझरने विचारलं, "काय फेविकॉल, पोरीचं काय झालं?" मी म्हटलं, "तिसरी आली." तो म्हणाला, "अरे वा, चांगलं की!" मी हो म्हटलं. डाव मांडला, वीस मिनिटं खेळलो, भोंगा झाला, आपापला चहा घेतला. चहाला चव होती की नव्हती ते सांगता येणार नाही. मी वाट बघत होतो की आता काहीतरी वाटेल. राग, रडू, काहीही. दाताला भूल दिल्यावर आपण जिभेने चाचपून बघतो, तसं मी रोज सकाळी चाचपून बघायचो. दिवस मोजले होते. सतरा.

मुलगी माझ्याशी बोलत होती. मीठ द्या, वाय-फाय बंद पडलंय, सही हवी आहे. पटाला तिने हात लावला नाही.

"अहो, तिच्याशी काहीतरी बोला," बायको म्हणाली.

"काय बोलू?"

"चुकलं म्हणा."

"म्हटलंय. त्याच दिवशी म्हटलंय."

"ते आकड्यांत म्हटलंत."

अठराव्या दिवशी त्या तरुण पंचाचा फोन आला. तिसरी आलेली मुलगी राखीव असते, पण राखीवला क्वचितच बोलावतात. मात्र राज्य स्पर्धेत डोनर एंट्री असते, म्हणजे निवड झालेली नसली तरी जास्त फी भरून खेळता येतं. चार हजार रुपये. "मुलगी चांगली आहे, म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "आठ दिवसांत कळवा."

मला ते एकदम सोपं वाटलं. चार हजार माझ्याकडे होते. रात्रीच्या जेवणात मी तिला सांगितलं.

"नको," ती म्हणाली.

"अगं, खेळायला तर मिळेल. नियमात आहे."

"यादीत नावापुढे लिहितात, बाबा. डोनर. पहिल्या दिवशी सगळ्यांना कळतं."

"लिहू दे की. डाव तर तोच असतो."

"तुम्ही चार हजार भरणार आणि मग तुमचा हिशोब जुळणार." तिने हे मोठ्याने म्हटलं नाही. भात कालवता कालवता म्हटलं. "माझा नाही जुळणार. मला ती जागा पटावर मिळत होती."

बायकोने तिला दटावलं, "बाबांशी असं बोलतात?" मी म्हटलं, राहू दे.

ताट धुऊन ठेवल्यावर मी तिच्या टेबलापाशी गेलो. ती भूमितीचं करत होती. मी उभाच राहिलो. "तुझा डाव मी मांडून बघितला," मी म्हटलं. "चौदावी चाल. ती मी तुला शिकवली नव्हती."

"तुम्ही तर ती खेळू नको म्हणायचात."

"मग कुठून आली?"

"आली." तिने पेन खाली ठेवलं. "बसून बसून कंटाळा आला होता. मग दिसलं की सगळं तयारच आहे. तेरा चाली आपण काय नुसतं बसलेलो नसतो, बाबा. सगळं तयार होत असतं. तुम्ही ते वापरतच नाही."

मी म्हटलं, "कँटीनमध्ये भोंगा होतो."

"काय?"

"काही नाही. माझं चुकलं. ड्रॉ घे असं मी सांगायला नको होतं. बेरीज बरोबर असती तरी."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. नंतर म्हणाली, "मला दहावीतही खेळायचंय. पुढच्या वर्षी सतराखालच्या गटात. आणि मला शिकवणारं कोणीतरी हवंय. दुसरं."

"बरं," मी म्हटलं.

"तुम्ही रागावलात?"

मी खरं ते सांगितलं. "काही वाटत नाहीये मला. बरेच दिवस."

"मलापण," ती म्हणाली, आणि पेन उचललं.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मी तिला घेऊन पालघरला गेलो. तो तरुण पंच शनिवार-रविवार आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीत मुलांना शिकवतो. चार टेबलं, आठ पट. त्याने तिची तीच स्कोअरशीट मागितली आणि डाव मांडला. मी दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो.

पहिल्या तेरा चाली त्याने भराभर लावल्या. "हे कोणी शिकवलं?"

"बाबांनी."

"पक्कं आहे," तो म्हणाला. चौदाव्या चालीपाशी थांबला. "आणि हे?"

"हे माझं."

तो पुढे खेळत गेला. शेवटच्या स्थितीवर आला आणि पट तिच्या बाजूला फिरवला. "आता समज ड्रॉ घेतला नाहीस. तुझी चाल आहे. खेळ."

तिने लगेच हत्ती उचलला. तो पांढऱ्या बाजूने उत्तरं देत होता. मी खुर्चीवरून उठून बघू शकलो असतो, पण उठलो नाही. सोंगट्या आपटल्याचा आवाज येत होता. कितव्या चालीला संपलं ते मी मोजलं नाही. त्याने आपला राजा आडवा केला.

"दोन वर्षं ये," तो तिला म्हणाला. "हा बचाव सोडू नकोस. पण हा ड्रॉसाठी खेळायचा नसतो, हे लक्षात ठेव." मग माझ्याकडे वळला. "काका, महिन्याचे बाराशे. आठ तास."

मी पाकीट काढलं. पाचशेच्या दोन नोटा आणि शंभराच्या दोन, एकूण बाराशे रुपये, जानेवारी महिन्याचे, त्याच्या हातात दिले. त्याने न मोजता खिशात ठेवले आणि पट पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतला.